एक पाणी की चार पाणी? गव्हाचा वाण आपल्याच रानात पारखण्याची कृती

नागपूर जिल्ह्यात सोयाबीन निघाले की गव्हाची घाई सुरू होते आणि गावोगाव एकच प्रश्न फिरतो: यंदा कोणता गहू पेरायचा? उत्तर बहुतेक वेळा कृषी केंद्राचा दुकानदार देतो, नाहीतर धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याचे उभे पीक देते. दोन्हीकडे एक गोष्ट विचारायची राहून जाते: त्या गव्हाला पाणी किती मिळाले होते? पेंच कालव्याच्या मुखाकडे, पारशिवनीच्या बाजूला चार पाण्यांवर वाढलेला गहू आणि शेपटाकडे, मौदा-भंडाऱ्याच्या बाजूला एका पाण्यावर तगलेला गहू यांची तुलना करून काही हाती लागत नाही. पेंचचे पाणी नागपूर शहर पिते, कोराडीचे वीजकेंद्रही घेते, आणि उरलेल्यात रब्बीची आवर्तने बसवावी लागतात. विहिरीवाल्या कास्तकाराचेही गणित जानेवारीनंतर डळमळते.

पाणी बदलले की वाणांचा क्रम बदलतो, यामागे आनुवंशिकता आहे. गव्हाचे उत्पादन म्हणजे तीन आकड्यांचा गुणाकार: चौरस मीटरमधल्या ओंब्या, ओंबीतले दाणे आणि दाण्याचे वजन. ओंब्या किती होणार हे फुटव्यांच्या काळात, पहिल्या दीड महिन्यात बरेचसे ठरते. दाण्यांची संख्या पोटरी आणि फुलोऱ्यात ठरते, वजन त्यानंतर. या तिन्हींमागे वेगवेगळी जनुके आहेत. २०१८ साली सरबती गव्हाच्या जीनोमचे वाचन प्रसिद्ध झाले. तो माणसाच्या जीनोमच्या सुमारे पाचपट मोठा आहे आणि त्यात एक लाखाहून अधिक जनुके आहेत. उत्पादनावर परिणाम करणाऱ्या जागा त्यात विखुरलेल्या आहेत, प्रत्येकीचा वाटा लहान. भरपूर फुटवे आणि लांब मुदत देणारी जनुके चार पाण्यांवर फायद्याची असतात. एका पाण्यावर तीच जनुके घातक ठरतात, कारण तेवढ्या फुटव्यांना पोसायला जमिनीत ओल उरत नाही आणि दाणा भरताना मार्चचे ऊन गाठते.

म्हणून परीक्षा दोन पाण्यांवर घ्यायची. खालची कृती सहा गुंठ्यांत बसते. शेतकरी गटाला, कृषी शाळेच्या विद्यार्थ्यांना किंवा एकट्या कास्तकारालाही ती जमण्यासारखी आहे.

साहित्य

सहा गुंठे एकसारखे रान, सहा वाणांचे प्रत्येकी अर्धा ते पाऊण किलो बियाणे, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, टेप, दोरी, खुंट्या, कागदी पाकिटे, २०० लिटरचा ड्रम, पाऊस मोजायला सरळ उभ्या कडांचा डबा आणि एक जाड वही. वही सर्वांत महत्त्वाची. पीक निघून जाते, पुढच्या वर्षी हाताशी वहीच असते.

१. वाण निवडा

सहाही वाण एकाच स्वभावाचे घेऊ नका. चांगले ओलीत धरून शिफारस झालेले दोन घ्या: अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा विमल, म्हणजे एकेएडब्ल्यू-३७२२, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस-६२२२. उशिरा पेरणीत चालणारा अकोल्याचाच एकेएडब्ल्यू-४६२७ घ्या. कमी पाण्यासाठी निफाडच्या संशोधन केंद्राचा नेत्रावती, म्हणजे एनआयएडब्ल्यू-१४१५, आणि कोरडवाहूसाठी शिफारस असलेला अकोल्याचा बन्सी गहू शरद, म्हणजे एकेडीडब्ल्यू-२९९७-१६ घ्या. सहावा लोक-१. सणोसऱ्याच्या लोकभारतीतून आलेला हा गुजरातचा वाण आपल्याकडे इतका रुळला आहे की बाकीच्यांना त्याच्याशीच ताडून पाहायला हवे. यातला एखादा मिळाला नाही तर त्याच स्वभावाचा दुसरा चालेल. घरात जुना बन्सी किंवा खपली जपलेली असेल तर ती सातवी म्हणून जरूर घ्या आणि जागा तेवढी वाढवा.

बन्सी आणि सरबती एकाच परीक्षेत बसवताना एक लक्षात ठेवा. सरबती गव्हात ४२ गुणसूत्रे असतात, बन्सी आणि खपलीत २८. दाण्याचा आकार, वजन, बाजारभाव सगळेच वेगळे, तेव्हा शेवटी क्विंटलबरोबर भावाचाही विचार करावा लागेल.

२. जागा आखा

आधी तिथे एकच पीक, एकाच खतावर असले पाहिजे. उकिरड्याची जागा, झाडाची सावली, धुऱ्यालगतचा पट्टा, पाट फुटून ओल मुरते ती कड, हे सगळे सोडा. काळ्या जमिनीत पाणी आडवेही झिरपते, म्हणून 'एक पाणी' आणि 'चार पाणी' हे दोन भाग शेजारी ठेवले तरी मध्ये चार मीटर मोकळे सोडा आणि तिथे खोल चर काढा. कोरडा भाग उताराच्या खालच्या अंगाला कधीच ठेवू नका, नाहीतर वरचे पाणी गुपचूप त्याच्या मुळाशी पोचेल आणि वर्षभराची मेहनत वाया जाईल.

प्रत्येक भागात १८ वाफे: सहा वाण, तीन वेळा. एका वाफ्यात ५ मीटर लांबीच्या सहा ओळी, दोन ओळींत २२.५ सेंटीमीटर. म्हणजे वाफा १.३५ मीटर रुंद आणि पावणेसात चौरस मीटरचा झाला. सहा-सहा वाफ्यांच्या तीन रांगा करा, मध्ये मीटरभराच्या वाटा. सगळ्या बाजूंनी दोन मीटर कोणताही गहू पेरून घ्या. कडेच्या झाडाला ऊन-वारा जास्त मिळतो आणि ते खोटे उत्पादन दाखवते.

तीनदा का, असे कुणी विचारील. काळी जमीन वरून एकसारखी दिसते, खाली तशी नसते. एखाद्या कोपऱ्यात हातभर खाली मुरूम लागतो, दुसरीकडे दोन मीटर माती असते. एकाच वाफ्यावर विश्वासलात तर वाणाचे यश कुठले आणि मातीचे कुठले, हे कधीच कळणार नाही.

३. बियाणे तोला, उगवण पाहा, कोंबाचे आवरण मोजा

आपल्याकडे एकरी किलोत बियाणे ठरवतात. परीक्षेत ते चालत नाही, कारण बन्सीचा दाणा जड असतो आणि त्याच वजनात दाणे कमी बसतात. प्रत्येक वाणाचे हजार दाणे मोजून तोला. चौरस मीटरला २५० दाणे धरले तर ५ मीटरच्या एका ओळीला २८१ दाणे लागतात. हजार दाणे ४० ग्रॅम भरले तर ओळीला सव्वाअकरा ग्रॅम, ४८ ग्रॅम भरले तर साडेतेरा. मग १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजा. उगवण ९० टक्के असेल तर सव्वाअकराचे साडेबारा ग्रॅम करा. प्रत्येक ओळीचे वेगळे पाकीट भरा.

आता एक छोटी चाचणी, जी शेतात फारशी कुणी करत नाही आणि जी मला फार मोलाची वाटते. गहू उगवताना कोवळ्या पानाभोवती पांढरी नळी असते. ती माती भेदून वर येते आणि मग पान तिच्या टोकातून बाहेर पडते. जाड ओल्या कागदावर वीस दाणे एका रेषेत मांडा, कागदाची सैल गुंडाळी करा, पिशवीत घालून घरातल्या थंड, अंधाऱ्या जागी दहा दिवस उभी ठेवा. मग उलगडून दाण्यापासून नळीच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. बुटक्या वाणांत ती साधारण सहा-सात सेंटीमीटर भरते, उंच जुन्या वाणांत नऊ-दहाच्या पुढे जाते. गरमीत दोन्हीकडे ती आखडते, म्हणून सगळ्या गुंडाळ्या एकाच ठिकाणी ठेवा.

या फरकामागे हरितक्रांतीचीच जनुके आहेत. जपानच्या नोरिन-१० या बुटक्या गव्हातली आरएचटी जनुके नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत वापरली आणि १९६० च्या दशकात ती भारतात आली. त्यांच्यामुळे रोप जिबरेलीन या वाढीच्या संप्रेरकाला पुरता प्रतिसाद देत नाही. ताट आखूड राहते, भरपूर खत-पाण्यावरही लोळत नाही आणि बळ दाण्यात जाते. ओलिताच्या गव्हाला ही देणगी होती. पण तीच जनुके कोंबाची नळीही आखूड करतात. कोरडवाहूत ऑक्टोबरअखेर वरची माती सुकलेली असते, ओल खाली गेलेली असते, आणि जुना कास्तकार सरत्याने बी खोल, ओलीत सोडायचा. उंच बन्सी तिथूनही वर यायचा. बुटका वाण तेवढ्या खोलीतून निघत नाही आणि दोष बियाण्याला लागतो. उंची कमी करूनही नळी आखूड न करणारी आरएचटी-८ सारखी जनुके आहेत. कोरड्या प्रदेशासाठी वाण तयार करणाऱ्यांचे त्यांच्याकडे लक्ष आहे आणि ते असायलाच हवे.

४. चिठ्ठ्या टाका

कोणता वाण कोणत्या वाफ्यात, हे हाताने ठरवू नका. आवडता वाण आपण नकळत चांगल्या मातीत टाकतो. प्रत्येक रांगेसाठी सहा चिठ्ठ्या करा, मुलाच्या हाताने उचला, तो क्रम वहीत नकाशा काढून लिहा. दोन्ही भागांत, सहाही रांगांना चिठ्ठ्या नव्याने टाका.

५. पेरा

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, एकाच दिवशी. दोन्ही भागांना पेरणीआधी सारखे पाणी देऊन वाफसा आल्यावर पेरणी करा, म्हणजे उगवण सगळीकडे सारखी होईल आणि फरक पुढच्या पाण्याचाच राहील. दोरी लावून काकर ओढा, पाच सेंटीमीटर खोल, पाकीट संपूर्ण ओळीत समान सोडा आणि झाका. वाणावाणांत खत अगदी सारखे ठेवा. तण दोन्ही भागांत एकाच दिवशी काढा. एक पाण्याच्या भागात डवऱ्याचे किंवा खुरप्याचे काम हलके करा, भेगा बुजल्या पाहिजेत.

६. पाणी मोजून द्या

गव्हाच्या नाजूक अवस्था सगळ्यांना पाठ आहेत: १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटताना, ४० ते ४५ दिवसांनी कांडी धरताना, ६० ते ६५ दिवसांनी फुलोऱ्याला आणि ८० ते ८५ दिवसांनी दाणा भरताना. चार पाण्यांच्या भागाला ही चारही द्या. एक पाण्याच्या भागाला फक्त ४० ते ४२ व्या दिवशी. राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या शिफारशीत एकाच पाण्यासाठी हीच वेळ सांगितलेली आहे, आणि एकाच पाण्यावर उत्पादनात ४१ टक्क्यांची घट, दोन पाण्यांवर २० टक्क्यांची घट धरलेली आहे. ही सरासरी. तुमच्या रानात कोणत्या वाणाची घट किती, तेच तर शोधायचे आहे.

'पाणी दिले' असे वहीत लिहून भागत नाही, किती दिले ते लिहा. एका पाळीला सहा सेंटीमीटर, म्हणजे चौरस मीटरला ६० लिटर. वाटांसह एक भाग १८० चौरस मीटरचा धरला तर १०,८०० लिटर झाले. पंपाच्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम लावून घड्याळ पाहा. तो २५ सेकंदांत भरला तर सेकंदाला आठ लिटर, म्हणजे सगळ्या भागाला साडेबावीस मिनिटे, प्रत्येक रांगेला साडेसात. वीज मध्येच गेली तर राहिलेली मिनिटे लिहून ठेवा आणि तेवढीच पुन्हा द्या.

पाऊस आपल्या हातात नाही. विदर्भात जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी येतो, कधी गाराही येतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट राज्यातले कास्तकार विसरलेले नाहीत. उघड्यावर डबा ठेवा आणि साचलेले पाणी मिलिमीटरमध्ये पट्टीने मोजा. हंगामात मोठा पाऊस झाला तर 'एक पाणी' हा भाग प्रत्यक्षात दोन पाण्यांचा झाला, हे मान्य करून तसेच लिहा.

७. वहीत काय लिहायचे

निसवण्याची तारीख. वाफ्यातल्या निम्म्या ओंब्या पोटरीतून बाहेर आल्या तो दिवस. कोरड्यात उत्पादन कशाने ठरते असे मला एकच कारण विचारले तर मी हेच सांगेन. दिवसाच्या लांबीला दाद देणारी पीपीडी जनुके आणि थंडीची गरज ठरवणारी व्हीआरएन जनुके गहू कधी निसवणार हे बव्हंशी ठरवतात. आपल्याकडे थंडी तुटपुंजी आणि फेब्रुवारीअखेरचे ऊन तापट. लवकर निसवणारा वाण ओल संपण्याआधी दाणा भरून मोकळा होतो. त्याने दुष्काळ सोसला नाही, टाळला. दोन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत, पण वेगळ्या आहेत, आणि ही तारीख नसेल तर त्या ओळखू येत नाहीत.

पिकाचे तापमान. दुकानात मिळणारी अवरक्त तापमापकाची बंदूक असेल तर स्वच्छ उन्हात, दुपारी एक ते तीनच्या दरम्यान, सूर्य पाठीशी घेऊन, मातीवर नेम न जाता पानांवर तिरपी धरा. माणसाचा ताप बघायची बंदूक चालणार नाही. ज्या वाणाची मुळे खोल ओलीपर्यंत पोचतात तो पानांतून पाणी सोडत राहतो आणि शेजाऱ्यापेक्षा थंड असतो. मुळे खणून पाहण्याचा खटाटोप यामुळे वाचतो. बंदूक नसेल तर त्याच वेळी पाने किती गुंडाळली ते पाहून शून्य ते पाच गुण द्या, आणि दरवेळी गुण एकाच माणसाने द्यावेत.

ओंब्या आणि दाणे. मधल्या एका ओळीत मीटरभर काठी आडवी ठेवून ओंब्या मोजा. समजा ७० निघाल्या, त्यांना ०.२२५ ने भागले की चौरस मीटरला ३११. मग दहा ओंब्या घेऊन एकेक कणसुली, म्हणजे दाण्यांचे घर, उघडा. चार पाण्यांच्या ओंबीत मधल्या कणसुलीत तीन-चार दाणे दाटून बसलेले दिसतील. ताण बसलेल्या ओंबीत टोकाच्या आणि बुडाच्या कणसुल्या पोकळ असतात. बोटाने दाबली की कुसळासकट कोंडा चिमटतो, दाणा लागत नाही. पोटरीत असताना परागकण वांझ झाले, त्याचा हा परिणाम. बाहेरून ओंबी धड दिसते, म्हणून रस्त्यावरून पीक पाहणाऱ्याला हे कधीच कळत नाही. पोकळ घरे वाणागणिक मोजा. दोन वाणांचे उत्पादन सारखे असूनही एक जण दाण्यांच्या संख्येवर आणि दुसरा दाण्याच्या वजनावर तगला, हे इथेच उघड होते.

८. कापा, तोला

बाहेरच्या दोन ओळी आणि दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा मीटर सोडा. उरलेल्या चार ओळी, चार मीटर लांब, म्हणजे ३.६ चौरस मीटर. विळ्याने कापा, पेंढीला चिठ्ठी बांधा, पोत्यात घालून बडवा. मळणीयंत्रात घालू नका, आधीच्या वाणाचे दाणे त्यात हमखास अडकलेले असतात. तीन-चार कडक उन्हे द्या, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. मग तोला. या वाफ्यातला १ किलो म्हणजे हेक्टरी २७.८ क्विंटल, एकरी सव्वाअकरा क्विंटलच्या किंचित खाली.

ताळा करून पाहा: ३११ ओंब्या, ओंबीत ३२ दाणे, हजार दाण्यांचे ४० ग्रॅम, म्हणजे चौरस मीटरला ३९८ ग्रॅम. काट्यावर त्या वाफ्यात १,४३० ग्रॅमच्या जवळपास यायला हवेत. फार अंतर पडले तर मोजणीत चूक आहे, तिथेच शोधा.

९. हिशेब

आधी एकाच वाणाचे तीन वाफे शेजारी मांडा. त्यांच्यात आपसातच तीन क्विंटलांचा फरक असेल, तर दोन वाणांमधला दोन क्विंटलांचा फरक मोजू नका. कोरड्या भागात हा गोंधळ जास्त असतो, कारण मातीची खोली तिथे उघडी पडते. संशोधन केंद्रांनाही हेच नडते: ताणाखाली वाणाचा अंगभूत गुण आकड्यांत कमी दिसतो आणि जमिनीचा जास्त.

आता समजून घेण्यापुरते तीन कल्पित वाण घेऊ. अ चार पाण्यांवर हेक्टरी ४० क्विंटल, एका पाण्यावर १८. ब ३० आणि २०. क २० आणि १५. घट पाहिली तर अ ची ५५ टक्के, ब ची ३३, क ची २५. फिशर आणि मॉरर या संशोधकांनी १९७८ साली, मेक्सिकोतल्या गव्हाच्या प्रयोगांवरून, वाणाच्या घटीला सगळ्या वाणांच्या सरासरी उत्पादनातल्या घटीने भागायची रीत दिली. आपल्या तिन्ही वाणांच्या सरासरी उत्पादनातली घट ४१ टक्के, म्हणून अ चा निर्देशांक १.३४, ब चा ०.८१, क चा ०.६१. आकडा जितका लहान तितका वाण चिवट. पण इथेच पुष्कळ जण फसतात. क सर्वांत चिवट ठरला, तरी दोन्ही पाण्यांवर त्याने सर्वांत कमी पिकवले. पाणी वाढवले तरी तो फारसे घेत नाही, म्हणून त्याची घट कमी. निर्देशांक जरूर काढा, पण निवड क्विंटलवर करा. एकाच पाण्याची खात्री असेल तर ब, चार पाण्यांची असेल तर अ. पाण्याचा भरवसा नसेल तर रान वाटून दोन्ही पेरा.

एखादे जनुक घालून हा प्रश्न सुटावा अशी इच्छा जगभर आहे. अर्जेंटिनाने २०२० साली सूर्यफुलातले जनुक घातलेला एचबी-४ हा गहू मंजूर केला. भारतात जनुकीय बदल केलेल्या गव्हाची लागवड होत नाही. माझे मत असे की आपल्या जमिनींसाठी, हाती आहेत त्या वाणांतून पाण्याप्रमाणे निवड करण्याचा फायदा अजून पुरता घेतलाच गेलेला नाही, आणि त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

१०. बियाणे ठेवा आणि पुन्हा पेरा

गहू स्वपरागी आहे. शेजारच्या वाणाशी संकर क्वचितच होतो, त्यामुळे निवडलेल्या वाणाच्या मधल्या ओळींचे बियाणे, भेसळीची ताटे उपटून, घरीच ठेवता येते. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने ते राखण्याचा, पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे.

एका वर्षाच्या आकड्यांवर सगळे रान बदलू नका. थंडी दरवर्षी सारखी नसते. पुढच्या रब्बीत हीच सहा वाणांची परीक्षा नव्या चिठ्ठ्यांनी पुन्हा घ्या, आणि दोन्ही वर्षी तुमच्या पाण्यावर जो वाण वरच्या दोघांत राहिला तोच एकरभर पेरा. वहीची एक प्रत जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा महाराजबागेजवळच्या, १९०६ पासूनच्या कृषी महाविद्यालयात दाखवा. शेपटाकडच्या रानांचे मोजलेले आकडे वाण तयार करणाऱ्यांना हवे असतात, आणि ते तुमच्याशिवाय दुसरे कुणी देऊ शकत नाही.